वजनावर की नगावर?

जगात वस्तूची किंमत ठरवण्याच्या पद्धती दोनच. एक वजनावर आणि दुसरी नगावर. बी.कॉम.ला आम्हाला ज्या बाकीच्या पद्धती शिकवल्या, म्हणजे पुस्तकी किंमत, बाजारभाव, घसारा वजा जाता उरलेली किंमत वगैरे, त्या परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न सोडवण्यापुरत्याच होत्या, असं माझं वीस-बावीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे. माणसाचंसुद्धा याहून वेगळं नाही. जन्मतो तेव्हा तो वजनावर असतो. ‘पावणेतीन किलोचा झाला हो!’ असं आजोबा फोनवर ओरडून सांगतात. पुढे लग्नाच्या बाजारात तो नगावर जातो. आणि उतारवयात आमच्या धंतोलीतल्या कुठल्याही दवाखान्यात शिरला, की डॉक्टरांच्या आधी भेटणारी नर्स त्याला सांगते, ‘काका, आधी काट्यावर उभे राहा.’ झालं! पुन्हा वजनावर.

एवढं तत्त्वज्ञान मला एरवी सुचलं नसतं. बँकेच्या काउंटरवर सुचतं ते तत्त्वज्ञान नव्हे, अॅसिडिटी असते. हे सुचलं ते भाच्यामुळे. आमच्या ताईचा मुलगा इंजिनिअरिंगसाठी अमरावतीहून नागपूरला आला आणि आमच्या मागच्या खोलीत राहिला. मुलगा गुणी. विडी नाही, सुपारी नाही, खर्रा तर नाहीच नाही. त्याला फक्त एकच नाद आहे. सिनेमात दिसलेल्या वस्तूंची तो हुबेहूब प्रत बनवतो. हुबेहूब म्हणजे दिसायला सारखी, अशी माझी भाबडी समजूत होती. ‘मामा, तुम्हाला समजूनच नाही राहिलं,’ तो म्हणाला. ‘दिसायला सारखी तर प्लास्टिकचीही मिळते. मला तेच भाग पाहिजेत. त्याच कंपनीचे, त्याच काळातले.’

आता त्याच्या नादाचं मूळ सांगतो. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यात वीर पुरुष उजेडाच्या तलवारी घेऊन लढतात. सिनेमा दूरच्या आकाशगंगेतला, पण त्याचं सामान मात्र लंडनच्या अडगळीतलं. पैसे बेताचे होते, म्हणून रॉजर ख्रिश्चन या सजावटकाराने जुन्या फोटोच्या दुकानात धुंडाळलं, तेव्हा त्याला एका खोक्यात ग्राफ्लेक्स कंपनीच्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे दांडे सापडले. १९४०च्या दशकात वृत्तपत्रांचे छायाचित्रकार वापरत तसले, चकचकीत, हातात धरण्याजोगे. त्याने त्यातल्या दांड्यावर रबरी पकडीसारख्या पट्ट्या चिकटवल्या, आणि मधल्या कड्यात बसवली कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची भिंगांची चिमुकली पट्टी. झाली नायकाची तलवार! त्याच्या म्हाताऱ्या गुरूची तलवार तर याहून थोर. तिच्यात रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनातला नळीचा तुकडा आहे, पहिल्या महायुद्धातला रायफलने फेकायचा बॉम्ब आहे, आणि बुडाशी आहे आर्मिटेज शँक्स कंपनीच्या नळाची मूठ. होय, हात धुवायच्या बेसिनवर असते ती! या सगळ्या उद्योगाबद्दल त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शन चमूला, आणि त्यात या ख्रिश्चनलाही, ऑस्कर मिळालं. आमच्याकडे नळ गळतो म्हणून मी तीन वेळा मूठ बदलली, सौभाग्यवतींनी साधं ‘बरं झालं’सुद्धा म्हटलं नाही.

धंतोलीत राहणाऱ्या माणसाच्या भाच्याला नळाच्या मुठीचा नाद लागावा, ही मात्र नियतीची योजनाच म्हटली पाहिजे. धंतोलीत राहणाऱ्यांपेक्षा दाखल झालेले जास्त. दर दोन घरांआड एक दवाखाना आणि दर दवाखान्यात दहा बेसिनं. जुना बंगला पाडून नवं इस्पितळ उभं राहतं, आणि जुन्या इस्पितळाचं नूतनीकरण होतं, तेव्हा त्यांचे नळ कुठे जातात याचा अभ्यास भाच्याइतका महापालिकेनेही केला नसेल. नात्यातलं कुणी आजारी पडलं की हा सगळ्यात आधी तयार. आम्हाला वाटलं, पोराला माणसांची ओढ आहे. एकदा माझे मावसे आयसीयूतून बाहेर आले त्या दिवशी हा दवाखान्याच्या न्हाणीघरातून धावत आला, चेहरा आनंदाने फुललेला. मावसे गहिवरले. पोरगं म्हणालं, ‘मामा, मूठ जवळपास तीच आहे! फक्त दोन मिलिमीटर कमी!’

त्याच्याबरोबर मी कबाड्यांकडेही फिरलो आहे. मुंबईला चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुने ग्रामोफोन, कंदील, सिनेमाची पोस्टरं यांची दुकानं आहेत. तिथला विक्रेता मालाकडे नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघून भाव सांगतो. नागपूरचा कबाडी त्या मानाने सरळ. ढिगाऱ्यातून कुठलाही लोखंडी ऐवज उचला, तो काट्यावर टाकतो. पण एकदा भाच्याने एक पितळी नळी उचलली, उलटीपालटी केली, खिशातून मोजपट्टी काढून व्यास मोजला, आणि काट्याकडे गेलेला कबाड्याचा हात तिथेच थांबला. ‘भाऊ,’ तो म्हणाला, ‘हे किलोनं नाही जात. हे नगानं जाईन.’ ज्या क्षणी कुणाला ‘हीच’ पाहिजे असं कळतं, त्या क्षणी वस्तू वजनातून नगात जाते. प्रेमाचीही हीच व्याख्या असावी, पण तो विषय मी कॅशियरांसाठी राखून ठेवतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. ज्या तलवारीची ही प्रत करायची, ती तलवार तरी खरी होती काय? नव्हती. तिने एक कांदाही चिरला गेला नसता. म्हणजे मुळात जे खोटं, त्याची खरी नक्कल करण्यासाठी खऱ्या वस्तू शोधायच्या! सिनेमाला खऱ्या मालाशी कधी देणंघेणं नव्हतंच. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा खरा आणला, पण १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती कोण होती? हॉटेलात स्वयंपाक करणारे साळुंके! आणि आज त्या चित्रपटाची म्हणून जी रिळं आपण जपून ठेवली आहेत, ती दादासाहेबांनीच १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे पहिली नक्कल खुद्द मालकाने केलेली. उलट बालगंधर्वांनी नाटकात शालू खरे, अत्तर खरं असा हट्ट धरला, आणि कंपनीच्या डोक्यावर कर्जही अगदी खरं झालं.

तरी या नादाला मी हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस भाचा माझ्या प्रांतात शिरला. ‘मामा, शोलेचं नाणं बनवायचं आहे.’ १५ ऑगस्ट १९७५ला लागलेल्या त्या चित्रपटातलं जयचं नाणं कोणाला आठवत नाही? दोन्ही बाजूंना छापा. ते बनवायचं कसं, तर त्या काळची दोन खरी नाणी घ्यायची, दोन्ही मधून चिरायची आणि दोन छापे एकमेकांना चिकटवायचे. दोन खऱ्यांचा जीव घेऊन एक खोटं! वर उरलेले दोन काटे वाऱ्यावर. मी त्याला २०११चा नाणेविषयक कायदा ऐकवला. नाणं वितळवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत आत जावं लागतं. ‘जयला कुठे झाली सात वर्षं?’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘जयचं शेवटी काय झालं, ते आठव.’ नाणं वाचलं.

कॅल्क्युलेटरचं प्रकरण मात्र इतक्या सहजी मिटलं नाही. ती भिंगांची पट्टी त्याला हवी होती, आणि तसल्याच घराण्यातला एक कॅल्क्युलेटर आमच्याच कपाटात होता. माझ्या थोरल्या काकांनी १९७६ साली परदेशातून नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणून दिलेला. नाना तेव्हा कापसाच्या एका पेढीवर हिशेब लिहीत. या यंत्रावर त्यांनी गाठींचे भाव मारले, बहिणींची लग्नं बसवली, आणि माझ्या फीचे हप्ते पाडले. अजूनही सेल घातला की भिंगांखाली लालभडक आकडे उमटतात.

‘पण नाना, याचा शेवटचा आकडा पेटत नाही,’ भाच्याने निदान केलं. ‘बिघडलेलाच आहे.’

नानांनी यंत्र हातात घेतलं. ‘कधीपासून बिघडला कोण जाणे,’ ते म्हणाले. ‘आपल्या घरी आठ आकडी रक्कम कधी आलीच नाही, म्हणून मला कळलंच नाही. माझ्या उत्पन्नापुरता तो ठणठणीत आहे.’

भाच्याची बाजू मी अन्यायाने मांडणार नाही. मी त्याला म्हटलं, ‘त्या सजावटकाराने जे हाताशी सापडलं ते लावलं. तूही जे हाताशी येईल ते लाव. त्याची खरी नक्कल तीच.’ तो म्हणाला, ‘मामा, त्याची करणी कोणालाही उचलता येते. मला त्याची वस्तू पाहिजे. आणि या एका खोट्या तलवारीपायी मला छायाचित्रकारांचे फ्लॅश समजले, जेट इंजिन समजलं, नळसुद्धा समजले. कॉलेजात चार वर्षांत एवढं समजून नाही राहिलं.’ हे खोटं नव्हतं. शिवाय याच्यासारखे वेडे नसते, तर ते फ्लॅशचे दांडे केव्हाच वजनावर गेले असते. आज ते शेकडो डॉलरना नगावर जातात. पण त्याचीच दुसरी बाजूही आहे. तलवारीच्या हौसेने इतके दांडे मोडले गेले, की जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन हळहळतात: कॅमेरा आहे, पण त्याचा फ्लॅश कुठल्यातरी दिवाणखान्यात तलवार होऊन बसला आहे. १९४५ साली इवो जिमाच्या डोंगरावर झेंडा उभारण्याचा तो जगप्रसिद्ध फोटो ज्या जातीच्या कॅमेऱ्याने काढला, त्या घराण्याचा हा वंश. ज्याने खरं युद्ध पाहिलं, त्याचा हात तोडून खोट्या युद्धाला लावायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

धंतोलीत राहण्याचा फायदा असा, की असल्या प्रश्नाचं उत्तर दवाखान्याच्या भिंतीवरच लिहिलेलं असतं. ‘मरणोत्तर नेत्रदान करा.’ मरणोत्तर! मेलेल्या यंत्राचा भाग घेतला तर ते दान. चालत्या यंत्राचा घेतला तर ती दुखापत. भाचा इंजिनिअरिंगचा असला तरी वकिलाच्या वळणाचा. म्हणाला, ‘किडनी तर जिवंतपणीच देतात.’ मी म्हटलं, ‘देणारा राजीखुशीने देतो, आणि कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून देतो. तुझी तलवार कुठल्या आयसीयूत आहे?’

यावर खरी अडचण एकच उरते, ती म्हणजे मृत्यूचा दाखला कोणी द्यायचा. चार आण्याच्या बाबतीत सरकारने दिला. ३० जून २०११पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पन्नास पैसे मात्र कायद्याने अजून जिवंत आहेत, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. अशा अवस्थेत असलेली पुष्कळ मंडळी माझ्या ओळखीची आहेत. दाखला नाही तोवर त्यांना हात लावायचा नाही, एवढाच नियम. आणि कबाड्याचा काटा म्हणजे दाखला नव्हे. पुष्कळ चालत्या वस्तू केवळ मालक कंटाळला म्हणून तिथे पोचतात.

नानांनी निकाल दिला तो असा: ‘माझ्या मागे घे. तोवर पाहिजे तर मोजमाप घे.’ भाच्याने व्हर्निअर लावून पट्टीची मापं घेतली, पारदर्शक अॅक्रिलिकची दुसरी पट्टी घासून केली, आणि तलवारीत बसवली. दांडाही त्याने हुबेहूब नवे करणाऱ्यांकडून मागवला, त्यापायी जुना एकही मोडला नाही. प्रत्येक वस्तूची तो एक नोंदवही ठेवतो, कुठला भाग असल, कुठला नक्कल. मी सहज चाळली. ऑडिटरलाही अशी शेरेबाजी जमत नाही. त्याने लिहिलं होतं: ‘भिंगांची पट्टी: नक्कल. असल चालू स्थितीत आहे.’

मला वाटतं, सच्चेपणा म्हणतात तो या शेऱ्यातच आहे. नक्कल करणं हे पाप नाही. सगळं शिक्षण नकलेतूनच होतं, आणि मुलं बापाची सही गिरवतच मोठी होतात. नक्कल ही नक्कल आहे असं वहीत स्वच्छ लिहिलं, आणि तिच्यासाठी कुणा चालत्याला मोडलं नाही, की हिशेब जुळला. यातून माझा सुरुवातीचा सिद्धान्त मात्र सुधारून घ्यावा लागतो. वस्तूची किंमत वजनावर असते, नगावर असते, आणि तिसरी एक असते, ती कामावर. जी अजून कामावर आहे, तिचा भाव कोणी विचारू नये. माणूस असो, पन्नास पैसे असोत, नाहीतर सात आकडी कॅल्क्युलेटर.