ऋषिऋण आणि उल्लेखांचा हिशेब

नांदेड व लातूर या दोन शहरांची ख्याति आज साऱ्या महाराष्ट्रांत गुणांच्या आंकड्यांवर उभी आहे. 'लातूर पॅटर्न' हें नांव घरोघर ठाऊक झालें असून, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं दूरदूरच्या तालुक्यांतून मुलें येथें येऊन राहतात. यांपैकीं जीं पुढें डॉक्टर होतात, त्यांची तरी आंकड्यांच्या जांचांतून सुटका होत असेल, अशी आमची समजूत होती. ती आमच्या परिचयांतील एका तरुण डॉक्टरानें परवां दूर केली. या भागांतील एका प्राथमिक आरोग्यकेंद्रांत कांहीं वर्षें काढून तो आतां वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक होऊं इच्छितो. "रोगी किती तपासले हें कोणी विचारीत नाहीं, निबंध किती व त्यांचे उल्लेख किती, एवढेंच विचारतात," असें तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांत कडवटपणा होता, पण त्याहून अधिक संभ्रम होता. खरोखरच, माणसाच्या विद्येचें मोल कशानें करावें?

उल्लेखांचा हा हिशेब मूळचा वाईट नाहीं. आपल्या निबंधांत दुसऱ्याच्या संशोधनाचा आधार घेतला तर तो नमूद करावयाचा, ही विद्वानांची जुनी चाल आहे. यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थानें १९६४ सालीं अशा उल्लेखांची मोठी सूची प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तो एखाद्या विचाराची वंशावळ अभ्यासकांस सहज सांपडावी म्हणून. पुढें २००५ सालीं जॉर्ज हर्श या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकानें साऱ्या आयुष्याचा सारांश एका आंकड्यांत काढण्याची युक्ति सांगितली. ज्याच्या २० निबंधांचा प्रत्येकीं निदान २० वेळां उल्लेख झाला असेल, त्याचा अंक २०. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेनें २००९ सालीं वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीस प्रसिद्ध निबंधांची अट घातली. वाट दाखविण्यासाठीं काढलेला नकाशा अशा रीतीनें सातबाऱ्याचा उतारा होऊन बसला.

मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो, असें आपले पूर्वज म्हणत. त्यांतील ऋषिऋण अध्ययनानें फिटतें. निबंधांतील उल्लेख म्हणजे या ऋणाची कबुलीच होय. परंतु ऋणकोनें कृतज्ञतेनें दिलेली कबुली धनको तिजोरींत मोजूं लागला, म्हणजे तिचें स्वरूप पालटतें. मग मित्रानें मित्राचा उल्लेख करावा, एका निबंधाचे तीन तुकडे करावे, पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांकडे धांव घ्यावी, हे प्रकार ओघानेंच येतात.

या प्रश्नाचा उलगडा तत्त्वचर्चेपेक्षां एका उदाहरणानें अधिक होईल. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मराठवाड्याचेच. जालना जिल्ह्यांतील देहेड हें त्यांचें गांव. १९७६ सालीं ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. कोंकणांत लाल विंचू चावून धडधाकट मुलें व शेतकरी पाहतां पाहतां दगावत. बावस्करांनीं रोग्याच्या उशाशीं बसून घाम, वांती, थंडगार हातपाय, नाडी व रक्तदाब यांच्या नोंदी ठेविल्या. हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरतें व त्यानें मृत्यु येतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. दंशानंतरचीं हीं धोक्याचीं पूर्वलक्षणें त्यांनीं १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकांत मांडलीं. विषामुळें शरीरांत उसळणारीं द्रव्यें रक्तवाहिन्या आवळून टाकतात. तेव्हां त्या सैल करणारें, रक्तदाबावरील 'प्राझोसिन' हें औषध त्यांनीं देऊन पाहिलें, आणि त्याचा वृत्तांत १९८६ सालीं त्याच साप्ताहिकांत दिला. त्यांच्या नोंदींप्रमाणें पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा ३० च्या आसपास दगावत. पुढें तें प्रमाण शेंकडा एकाच्या घरांत आलें. या संशोधनांत त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचाहि वाटा आहे. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

आतां, हें ज्ञान लिहिलें गेलें नसतें तर? महाडची सीमा न ओलांडतां तें त्या एका डॉक्टराबरोबर संपलें असतें. म्हणून लिहिणें ही हौस नव्हे, तें कर्तव्य आहे. "आम्ही सेवा करतों, लेखन करीत नाहीं" असें अभिमानानें म्हणणारा डॉक्टरहि ऋषिऋण बुडवितोच. पण या ज्ञानाची किंमत उल्लेखांच्या आंकड्यावरून कळेल काय? ज्या विषयावर लिहिणारे पुष्कळ, त्यांत उल्लेख पुष्कळ. हृदयविकाराचे अभ्यासक जगभर आहेत. विंचू डसतो तो बहुधा अनवाणी चालणाऱ्यास, आणि त्याच्या दुखण्यावर लिहिणारे थोडे. शिवाय रात्रींअपरात्रीं तें औषध देऊन पोर वांचविणारा तालुक्याचा डॉक्टर निबंध लिहीत नाहीं. त्या पोराची आई तर नाहींच नाहीं. सर्वांत मोठें ऋण ज्यांचें, त्यांचें नांव या वहींत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आंकडा टाकून दिला म्हणजे उरतो तो वशिला. हा आक्षेप हलका नाहीं. ज्याचा काका-मामा कोठें अधिकारावर नाहीं, अशा खेड्यांतील मुलास आजवर आंकड्यानेंच तारलें आहे. पण आंकडा साक्षीदार असावा, न्यायाधीश नसावा. साक्ष ऐकून निकाल देण्याचे श्रम परीक्षकानें टाळूं नयेत. निबंध वाचावा, त्यांतील प्रश्न कोणाचा होता आणि उत्तरानें कोणाचें काय भलें झालें, हें विचारावें. हें काम कष्टाचें आहे, आणि म्हणूनच आपण तें यंत्रावर सोंपवूं पाहतों.

त्या तरुण डॉक्टराजवळ एक वही आहे. पिकांवर औषध फवारतांना विषबाधा झालेल्या शेतमजुरांच्या नोंदी तींत आहेत. त्या कोठें छापल्या तर उल्लेख अधिक मिळतील, असें त्यानें आम्हांस विचारलें. आम्हीं म्हटलें, "शेजारच्या तालुक्यांतील डॉक्टरास उद्यां उपयोगी पडतील अशा आधीं लिही, छापणें मग." यानें त्याची नेमणूक होईल असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं. एवढेंच म्हणूं कीं, त्या वहींतील मजूर त्याचे धनको आहेत, आणि त्यांचें देणें आधीं फेडलें पाहिजे.