संसाराचा पत्ता

विवाहाने दोन माणसे एकत्र येतात, परंतु संसार मांडायला जागा लागते. ज्या ठिकाणी आज चूल पेटवली ते ठिकाण उद्याही आपलेच असेल, दाराशी लावलेल्या तुळशीला पुढच्या वर्षीही आपणच पाणी घालू, आणि रात्री-अपरात्री पोर तापाने फणफणले तर कोणत्या घरची शेजारीण धावून येईल हे आपल्याला ठाऊक असेल, एवढा भरवसा ज्या भूमीवर मिळतो त्या भूमीवरच कोणत्याही दांपत्याचे नवे आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू होते. परक्या मुलखात, विशेषतः समुद्रापलीकडच्या एखाद्या उष्ण कटिबंधातील बेटावर, नवरा-बायकोने बिऱ्हाड थाटले की आपण त्यांच्या धाडसाचे कौतुक करतो ते मुख्यतः अंतराकडे पाहून. जणू जितके दूर जावे तितका संसार अवघड. इतिहास निराळे सांगतो. एकाच पिकापायी, म्हणजे उसापायी, घर सोडावे लागलेल्या दोन प्रकारच्या मराठी जोडप्यांची तुलना केली असता असे दिसते, की संसाराचे भवितव्य अंतरावर फारसे अवलंबून नसते. ज्या मुलखात जोडपे जाते तो मुलूख त्यांना राहू देतो की नाही, आणि त्या दोघांना दोन माणसे म्हणून मोजतो की नाही, यावर ते अवलंबून असते.

पहिले जोडपे मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरलेले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपुष्टात येत असता त्या बेटावरील साखरमळेवाल्यांना मजुरांची चणचण भासू लागली आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आले, आणि तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि कोकणच्या इतर भागांतले मराठी लोक होते. ज्या धक्क्यावर ते उतरले तो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो, आणि २००६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला.

त्या आयुष्याला सुखाचा मुलामा देण्याचे कारण नाही. एक दिवस कामावर खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याचा तेथे रिवाज होता. करार संपलेल्या मजुरालाही परवान्यावाचून रस्त्याने हिंडण्याची मुभा नव्हती, आणि परवाना जवळ नसला की भटक्या ठरवून त्याला कैद करीत. १८७१ साली आदोल्फ दे प्लेवित्झ या मळेवाल्याने मजुरांची कैफियत अर्जाच्या रूपाने सरकारपुढे मांडली. हजारो मजुरांनी त्यावर आपली संमती नोंदवली, आणि पुढच्याच वर्षी चौकशीसाठी शाही आयोग त्या बेटावर दाखल झाला. आरंभीच्या काळात पुरुषांच्या मानाने स्त्रिया इतक्या थोड्या होत्या, की त्यांचे किमान प्रमाण सरकारला हुकुमाने ठरवून द्यावे लागले. धर्मविधीने लागलेली लग्ने दप्तरी नोंद झाल्यावाचून कायद्याच्या दृष्टीने लग्नेच नव्हती. अशा भूमीवर ज्यांनी संसार केले त्यांना सुखवस्तू प्रवाशांच्या मालिकेत बसवणे हा त्यांच्या सोसण्याचा अपमान होईल.

तथापि त्या अन्यायी व्यवस्थेत तीन गोष्टी अशा घडल्या, की त्यांच्यामुळे मजुराच्या कोठडीचे कालांतराने घर झाले. करार मुदतीचा होता, आणि मुदत संपली की मनुष्य कागदोपत्री मोकळा होत असे. परतीचे मोफत भाडे पुढे बंद झाल्यामुळे असंख्य जोडपी तेथेच राहिली. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडू लागले तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विकावयास काढले, आणि पै-पै साठवलेल्या हिंदी कुटुंबांनी ते विकत घेतले. जमिनीचा तो तुकडा कितीही लहान असो, त्याच्या मागोमाग गणपती आला, झाकरीचा नाच आला, देऊळ आले, शाळा आली. १२ मार्च १९६८ रोजी ते बेट स्वतंत्र झाले तेव्हा त्या मजुरांची नातवंडे-पतवंडे नागरिक म्हणून उभी होती. आज गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवली जाते.

त्या बेटावरचे एक दप्तर विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. जहाजाचे नाव, मजुराचा अनुक्रमांक, वय, उंची, अंगावरील खूण, जात, जिल्हा, गाव असे रकाने त्या वह्यांत आहेत, आणि पुढच्या काळातील नोंदींसोबत छायाचित्रेही आहेत. मजूर पळून गेला तर ओळखून पकडता यावा, हा त्या नोंदीमागचा एक हेतू होता, आणि तो हेतू मुळीच उदात्त नव्हता. परंतु त्या वहीत स्त्रीचा अनुक्रमांक स्वतंत्र होता, तिचे वय स्वतंत्र होते, तिच्या कपाळावरच्या व्रणाची ओळही तिची एकटीची होती. आज मॉरिशसमधला एखादा पणतू त्या संस्थेत जाऊन आपल्या पणजीचे गाव शोधून काढतो, तो त्या निष्ठुर कारकुनाने लिहून ठेवलेल्या ओळीच्याच आधाराने.

आता दुसरे जोडपे पाहू. ते समुद्र ओलांडत नाही. त्याचे गाव नेकनूर, बीड तालुक्यातले, बालाघाटाच्या पठारावरचे, मांजरसुंब्याहून केजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आणि वारकरी परंपरेत बंकटस्वामी महाराजांच्या नावाने ओळखले जाणारे. येथे जमीन आहे पण ती हलकी आणि कोरडवाहू. पाऊस येतो पण त्याच्या येण्याचा नेम नाही. निजामाच्या राजवटीतून १९४८ साली हा मुलूख मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्याच सुमारास पश्चिमेकडे सहकारी साखर कारखानदारीचा विस्तार होत होता. प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी उभारलेला पहिला सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, आणि पुढे पाटाच्या पाण्यावर ऊस जसजसा वाढत गेला तसतशी तो तोडण्यासाठी कोरड्या मुलखातील हातांची मागणी वाढत गेली. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. आजही दसरा झाला की नेकनूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांची लगबग सुरू होते, दिवाळीच्या मागेपुढे ट्रॅक्टरच्या जोडट्रॉलीत पेट्या, पिठाचे डबे, कोंबड्या, शेरडे आणि लेकरे भरली जातात, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर, थेट कर्नाटकातील बेळगावच्या बाजूपर्यंत टोळ्या पांगतात.

तेथे गेल्यावर जे घर उभे राहते त्याला कोपी म्हणतात. बांबूच्या कांब्या वाकवून जमिनीत रोवायच्या, त्यांवर चटई किंवा पाचट घालायचे, अलीकडे ताडपत्री ओढायची. वाकल्यावाचून आत शिरता येऊ नये एवढेच दार. आत एका बाजूला पत्र्याची पेटी, तिच्यावर देवाची तसबीर, दुसऱ्या बाजूला अंथरूण, आणि बाहेर तीन दगडांची चूल. पहाटे तीनच्या ठोक्याला बाई उठते, पाणी आणते, दोन वेळच्या भाकऱ्या थापते, तान्ह्याला झोळीत घालते, आणि उजाडण्याआधी दोघे फडात पोहोचतात. पुरुष कोयत्याने ऊस तोडतो. बाई साळते, वाढे वेगळे करते, मोळी बांधते, आणि मोटार फडात आली म्हणजे तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढते. मोटार रात्री दोन वाजता आली तर रात्री दोन वाजता चढते. संध्याकाळी कोपीकडे परतल्यावर पुरुषाचा दिवस संपतो, बाईचा पुन्हा चुलीपासून सुरू होतो. उन्हाळा तोंडावर आला, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कांब्या उपटल्या जातात, आणि ज्या जागी सहा महिने एक कुटुंब राहिले त्या जागी काळ्या पडलेल्या तीन दगडांखेरीज काहीही उरत नाही.

या जोडप्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हा हिशेब. एकटा मनुष्य आला तर तो अर्धा कोयता. हंगामाआधी मिळणारी उचल कोयत्यामागे, मजुरी तोडलेल्या उसाच्या टनामागे, आणि वहीतल्या ओळीवर नाव पुरुषाचे. जानेवारी २०२४ मधील करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांपर्यंत गेला ही इष्ट गोष्ट झाली, परंतु त्या दरातील बाईचा वाटा कोणता हे त्या करारानंतरही कोणत्याच वहीत लिहिलेले नाही. बाई आजारी पडली आणि खाडा झाला तर मजुरी बुडतेच, पुष्कळ ठिकाणी वर दंडही लागतो. मॉरिशसच्या मळ्यातील दुहेरी कपातीचा अन्याय दीडशे वर्षांपूर्वी शाही आयोगापुढे उघडकीस आला; त्याचाच सख्खा भाऊ स्वतंत्र महाराष्ट्रातील फडात अजून नांदतो आहे. खाड्याच्या या धास्तीचा शेवट कोठे होतो तेही आपण पाहिले आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील तेरा हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे उघड झाले. लहानसहान दुखण्यावर शस्त्रक्रियेचा सल्ला आणि काम न चुकवण्याची सक्ती, या दोहोंच्या कात्रीत त्यातील अनेकींनी आपले शरीर कापू दिले. मुलगी वयात येण्याआधीच तिचे लग्न उरकण्याची घाईही या मुलखात पुष्कळदा यातूनच जन्मते; जोडी झाली की कोयता पुरा होतो आणि उचल पुरी मिळते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. मॉरिशसला गेलेल्याचे गाव कायमचे तुटले. ऊसतोड कामगाराचे गाव तुटत नाही. त्याचे घर नेकनुरात आहे, दोन एकर का होईना रान आहे, आईबाप आहेत, दैवत आहे. तो पोट भरायला जातो आणि परत येतो. मग परमुलखात त्याला नवे आयुष्य हवे तरी कशाला? हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण नेकनुरातील ते घर वर्षाचे सहा महिने कुलूपबंद असते, किंवा दोन म्हाताऱ्या जिवांच्या हवाली असते. मूल गावी ठेवावे तर आईवाचून वाढते, बरोबर न्यावे तर ऐन परीक्षेच्या दिवसांत शाळेबाहेर राहते. गावात घर आहे पण तेथे संसार नाही, आणि फडात संसार आहे पण तेथे घर नाही. मॉरिशसच्या जोडप्याने एकदा सर्वस्व गमावले आणि नंतर हळूहळू मिळवले. नेकनूरचे जोडपे दर दिवाळीला नव्याने गमावते आणि दर उन्हाळ्यात, उचल फिटली नाही तर मागच्याहून अधिक कर्ज घेऊन, जेथून निघाले तेथेच परत येते. पन्नास हंगाम उलटले तरी ज्या फडात त्याने घाम गाळला त्या गावच्या मतदारयादीत त्याचे नाव नसते, दवाखान्यात ओळख नसते.

वारकरी संतांनी संसाराला कधी तुच्छ लेखले नाही. गृहस्थाश्रमात राहून, कष्ट करून, लेकराबाळांसह पंढरीची वाट धरता येते, हा त्यांचा उपदेश या पठाराने शतकानुशतके ऐकला आहे. ज्या समाजाने गृहस्थाश्रमाला इतका मान दिला त्यानेच आपल्याच लाखो गृहस्थांना अर्धे वर्ष घर नाकारावे, ही आपल्या काळातील मोठी विसंगती आहे, आणि हे पातक एकट्या मुकादमावर किंवा एकट्या कारखान्यावर ढकलून आपणा साखर खाणाऱ्यांची सुटका होणार नाही.

मार्ग अगदीच खुंटलेला नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये देण्याचे ठरले आहे, कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृह योजना आखली गेली आहे, आणि ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचा आदेशही निघाला आहे. हे सर्व कागदावरून जमिनीवर यावे, आणि येताना त्यात दोन गोष्टींची भर पडावी. कारखान्याच्या हद्दीत दर हंगामाला त्याच टोळीला मिळेल असे पक्के निवारे, पाणी आणि शौचकूप यांची व्यवस्था असावी; आणि मुकादमाच्या वहीत, कारखान्याच्या दप्तरात व शासनाच्या ओळखपत्रावर प्रत्येक स्त्रीची ओळ तिच्या नावाने स्वतंत्र असावी, मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी, आणि आजारपणाची रजा तिच्या हक्काची असावी. परक्या साम्राज्याच्या कारकुनाने मजूर स्त्रीला पळू न देण्यासाठी का होईना तिची वेगळी नोंद केली. आपल्या राज्याने तिचा हक्क तिला देण्यासाठी ती करावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. नेकनूरच्या ग्रामसभेने पुढच्या दसऱ्याआधी गावातून तोडीला जाणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव आपल्या नोंदवहीत लिहून हे काम सुरू करावे. त्यासाठी मुंबईच्या हुकुमाची वाट पाहण्याची गरज नाही.