देवालाही ‘थांब’ म्हणणारा पुंडलिक



सकाळी बंगळूरच्या होसूर रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या उंच इमारतींमधून मुलगा-सून कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात. घरात उरतात ते सोलापूर, सांगली, नागपूर अशा गावांहून मुलाकडे राहायला आलेले आई-वडील. बाहेरची भाषा कन्नड, शेजार अनोळखी, आणि सोबतीला फक्त मोबाईल.

अशा दुपारी फोन वाजतो. पलीकडचा माणूस स्वतःला पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी म्हणवतो. “तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा आहे. व्हिडिओ बंद करू नका. घरात कोणाला सांगितले तर त्यालाही अटक होईल.” घाबरलेला जीव आयुष्यभराची ठेव मोडून देतो. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या ‘डिजिटल अरेस्ट’विषयी देशाला सावध केले. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच.

नीट पाहा, हा चोर आधी पैसे घेत नाही. आधी तो वृद्धांना आपल्या माणसांपासून तोडतो. एकटेपण हेच त्याचे हत्यार आहे. मग आपण स्वतःला विचारले पाहिजे : माझ्या आई-वडिलांना एकटे कोणी पाडले?

पंढरपूरचा पुंडलिक आठवा. दारात साक्षात परमात्मा उभा होता आणि पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. त्याने वीट पुढे सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. जो देवाला थांबवू शकला, त्याचे आपण वारस. आपल्याला ऑफिसचा फोन दहा मिनिटे थांबवता येत नाही का? रोज आई-वडिलांजवळ बसा. “आज कोणाचा फोन आला होता?” असे सहज विचारा. चूक झाली असेल तर रागावू नका. रागाच्या भीतीनेच वृद्ध गप्प राहतात.

त्यांनाही हाच मंत्र द्या. कोणी घाई केली, धमकावले, ओटीपी मागितला, तर म्हणायचे, “थांबा, मी मुलाला विचारते.” आणि फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक.

पण साधकहो, पुंडलिकाच्या कथेचा पहिला भाग आपण विसरतो. हाच पुंडलिक आधी आई-वडिलांना छळत होता. पश्चात्तापानंतर तो भक्त झाला. आपणही “त्यांच्या सुरक्षेसाठी” म्हणून त्यांचे एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवतो, पेन्शन परस्पर काढतो, गावचे घर विकून फ्लॅटचे हप्ते फेडतो, आणि औषधासाठी त्यांना हात पसरायला लावतो. बाहेरच्याने केली ती चोरी, आणि आपण केली तो व्यवहार? रक्षण करणे म्हणजे ताबा घेणे नव्हे. त्यांचा पैसा, त्यांचा निर्णय; आपला फक्त आधार.

कायदाही हेच सांगतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता घेऊन जो सांभाळत नाही, त्याच्या नावे झालेले हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द करू शकते. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवले. म्हणून ज्येष्ठांनी अशी अट दस्तातच लिहून घ्यावी. छळ होत असेल तर १४५६७ या हेल्पलाइनवर बोलावे. मदत मागणे म्हणजे मुलाशी वैर नव्हे.

पण आई-वडिलांना कायद्याच्या दारात जावे लागणे हे मुलाच्या साधनेचे अपयश आहे. आज घरी गेल्यावर त्यांचे पासबुक, त्यांचे कार्ड आदराने त्यांच्या हाती द्या आणि शेजारी बसा. फोन वाजला तर वाजू द्या. थोडा वेळ तो विटेवर उभा राहील.