नाव झाकलेली पुडी

ज्या गोष्टीवर आपला विश्वास आहे तिची परीक्षा घेणे विश्वासाला शोभते की नाही? प्रश्न वरवर पाहता शाब्दिक वाटेल. पण आता तो घरोघरच्या औषधाच्या डब्यापर्यंत येऊन पोचला आहे. सुंठ, कुंपणावर चढलेली गुळवेल, परसातली निर्गुडी, रानातल्या साळईचा डिंक ही सारी सध्या शास्त्रज्ञांच्या तराजूत आहेत. सुजलेल्या गुडघ्यावर निर्गुडीचा पाला शेकून बांधणाऱ्या पिढ्यांना जे ठाऊक होते, ते पुन्हा सिद्ध करणारे हे कोण, असे विचारणारी मंडळी माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांतली काही माझ्याहून विद्वान आहेत. आमच्या गावचे वृद्ध वैद्यबुवा एकदा मला म्हणाले, "मास्तर, आईच्या दुधाची कोणी परीक्षा घेतो काय?"

वाक्य मोठे सुंदर आहे, आणि वैद्यबुवांच्या हाताला गुण आहे हेही मी जाणतो. तरी पण मी कथाकादंबऱ्या लिहिणारा माणूस. गोष्ट कशी तयार होते हे मला थोडेफार कळते. जो बरा झाला तो वैद्याच्या ओटीवर नारळ घेऊन येतो. जो बरा झाला नाही तो मुकाट्याने दुसऱ्या वैद्याचे घर शोधतो. पहिल्याची गोष्ट गावभर होते, दुसऱ्याची कोणी सांगत नाही. शिवाय सांध्यांचे दुखणे चढते-उतरते असते. माणूस औषधाला जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. आणि शिगेला पोचलेले दुखणे पुष्कळदा आपोआपही ओसरते. त्या उताराच्या वेळी हातात जी पुडी असेल तिला यश मिळते. यात कोणी लबाडी करत नाही. अनुभवाचा स्वभावच तसा आहे.

यावर जो उपाय शोधला गेला तो शाळामास्तराला नवा नाही. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते. तपासनीस अप्रामाणिक असतो म्हणून ते झाकलेले नसते. प्रामाणिक माणसाचा हातही ओळखीच्या नावापाशी थोडा सैल पडतो म्हणून झाकायचे. औषधाच्या चाचणीतही हेच करतात. काहींना खरे औषध, काहींना तसेच दिसणारे पण निर्गुण असे काही. आणि कोणाच्या पुडीत काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

मेळघाटच्या रानात वाढणाऱ्या साळईचे उदाहरण घेऊ. संस्कृत ग्रंथांत हिला शल्लकी म्हणतात. शरीरात सूज भडकवणारी ल्यूकोट्राइन नावाची द्रव्ये असतात. ती तयार करणाऱ्या एका विकराला साळईच्या डिंकातील आम्ले अडवतात, असे १९९२ च्या सुमारास जर्मनीतील प्रयोगशाळेत दिसून आले. पण काचेच्या नळीतला गुण गुडघ्यात उतरेलच असे नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे ३० रुग्ण होते. पंधरांना साळईचा अर्क, पंधरांना निर्गुण पुडी, असे आठ आठवडे चालले. मग मध्ये काही काळ औषध बंद ठेवून दोन्ही गटांची अदलाबदल केली. साळई घेताना दुखणे कमी झाले, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले, सूज उतरली. क्ष-किरणांच्या चित्रात मात्र काही फरक पडला नाही. हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. ते जाहिरातीत कधी आले नसते.

इथे एक नैतिक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाच्या हातावर जाणूनबुजून पोकळ पुडी ठेवणे हे पाप नव्हे काय? रुग्णाला आधी सारे समजावून त्याची संमती घेतलेली नसेल, तर पाप आहेच. परंतु नागपूरच्या रचनेतच आक्षेपाचे अर्धे उत्तर आहे: ज्यांना आधी पोकळ पुडी मिळाली त्यांनाही नंतर खरी मिळाली. उरलेले अर्धे उत्तर असे की, न पारखलेले औषध देणारा प्रत्येक जण हाच प्रयोग करत असतो. फक्त तो संमती घेत नाही आणि निकाल लिहून ठेवत नाही.

आणि निकाल लिहून ठेवण्याची गरज असते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. गुळवेल, सुंठ, आवळा आणि साळई यांचे अर्क असलेली औषधे प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली. त्याच चाचणीत आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताचे एक विकर वाढलेले आढळले; औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. पुढे २०२० साली करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे उकळत असताना मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. वनस्पतीची ओळख चुकली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. ते खरे धरले तरी प्रश्न मिटत नाही. वेल ओळखण्यापासूनच परीक्षा सुरू करावी लागते, एवढेच त्यातून निघते.

हा न्याय एकट्या झाडपाल्याला लावलेला नाही. संधिवातावरची रोफेकॉक्सिब ही आधुनिक गोळी जगभर खपत होती. पोकळ गोळीशी तुलना करताना तिच्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसले, आणि २००४ साली ती बाजारातून काढून घेण्यात आली. आपल्याकडचा जुना विचारही याच्या उलट नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्तोपदेशाच्या बरोबरीने प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांची गणना परीक्षेतच केलेली आहे. आप्ताचा शब्दसुद्धा तिथे परीक्षेच्या रांगेत बसतो.

माझ्या आईला आमवात आहे. तिची बोटे वाकू लागली आहेत. कोणी काही आणून दिले की ती मला विचारते, "हे घेऊ का रे?" गुडघ्याच्या संधिवातावरची चाचणी तिच्या आमवाताला लागू पडत नाही, कारण दोन्ही रोग वेगळे. आमवातात सुरुवातीचा काळ मोलाचा. योग्य औषध लवकर मिळाले तर सांधा वाचतो, झिजलेला सांधा परत येत नाही. म्हणून 'घेऊन पाहा, अपाय तर नाही ना' हा आपला नेहमीचा सल्ला वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. पुडी निरुपद्रवी असली तरी तिने खाल्लेले महिने निरुपद्रवी नसतात. औषध सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर आपला शब्द खर्च करणे होय; तो शब्द पारखून घेणे हे प्रेमाचेच काम आहे.

जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकेतील पेटंट भारतीय शास्त्रज्ञांनी १९९७ साली रद्द करवून घेतले, तेव्हा आपल्याला योग्य अभिमान वाटला. ज्ञान आमचे आहे, असे आपण जगाला ठणकावून सांगितले. मालकी सांगितली की जबाबदारीही अंगावर येते. ज्या झाडपाल्यावर कोणाला मक्तेदारी मिळणार नाही त्याच्या परीक्षेसाठी व्यापारी सहसा पैसा घालत नाही. तो समाजाने घातला पाहिजे. आपल्या आयांना काय द्यावे आणि काय देऊ नये हे दुसऱ्या कोणी येऊन सांगावे, अशी वाट आपण का पाहावी?