जन्माचा दाखला आणि मुलीची जबानी

जळगाव येथील ज्या प्रकरणाला १९९४ साली वृत्तपत्रांनी ‘वासनाकांड’ असे भडक नाव दिले, त्याची चर्चा आजवर बहुतांशी राजकारणाच्या अंगानेच झाली. कोणाचा वरदहस्त कोणावर होता, याचाच खल त्या वेळी चावडीपासून विधिमंडळापर्यंत चालला. कायद्याच्या अंगाने त्याकडे क्वचितच पाहिले गेले, आणि विचार करण्याजोगे जे काही आहे ते मला तरी तिथेच दिसते.

शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलींना फसवून अथवा धाकाने वश करावयाचे, त्यांची छायाचित्रे काढावयाची, आणि ती उघड करण्याची भीती घालून त्यांचे शोषण चालू ठेवावयाचे, असा सरकारपक्षाचा आरोप होता. तपासावर अरविंद इनामदार आणि मीरा बोरवणकर यांच्यासारखे नावाजलेले पोलीस अधिकारी होते आणि खटल्यांसाठी विशेष न्यायालयही नेमले गेले. परंतु पीडितांचा आकडा शेकड्यांनी सांगितला जात असता फिर्यादीस उभ्या राहिलेल्या मुली मोजक्याच निघाल्या, आणि खालच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षांपैकी काही पुढे उच्च न्यायालयात टिकल्या नाहीत.

हे असे का झाले, या प्रश्नाला ‘कायदा लेचापेचा होता’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. पण दंडविधानाचे पान उलगडून पाहिले म्हणजे हे उत्तर टिकत नाही. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडले, त्यावर देशभर जो क्षोभ उसळला, त्याचे फळ म्हणून १९८३ ची सुधारणा झाली होती. आणि तिच्या अन्वये सामूहिक बलात्काराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि कमाल जन्मठेप ही शिक्षा जळगावचे प्रकरण उघडकीस येण्याच्या अकरा वर्षे आधीपासून कायद्यात होती. शिक्षेत उणीव नव्हती. उणीव होती ती साक्षीच्या वाटेत. पुरावा अधिनियमाच्या कलम १५५ मधील चौथे पोटकलम, ज्यायोगे फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनीतिमान’ आहे असे दाखवून तिच्या शब्दावरील विश्वास उडविण्याची मुभा बचावपक्षाला होती, ते त्या वेळी पूर्णपणे अंमलात होते आणि २००३ पर्यंत राहिले. मुलगी सोळा वर्षांवरील असली की तिची संमती होती की नव्हती हाही वाद उभा राही. ज्या मुलीला छायाचित्रांच्या धाकाने पुन्हापुन्हा बोलावले गेले, तिला भर न्यायालयात ‘पुन्हा का गेलीस?’ असे विचारण्याची सोय ज्या कायद्याने करून ठेवली होती, त्या कायद्यापुढे तिने यावे अशी अपेक्षा करणे हेच मुळी निर्दयपणाचे होते.

संमतीच्या वयाचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ साली ते दहाचे बारा करताना टिळक आणि सुधारक यांच्यात जे रण माजले ते शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. पुढे ते चौदा झाले, सोळा झाले, आणि १४ नोव्हेंबर २०१२ रोजी बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आता खेड्यांतसुद्धा ‘पोक्सो’ म्हणतात, अंमलात आला तेव्हा अठरावर येऊन ठेपले. या कायद्याने मुलगा आणि मुलगी हा भेद काढून टाकला, अठराखालील बालकाच्या संमतीचा विषयच निकालात काढला, आणि मुख्य अपराधांत आरोपीनेच अपराध केला असे गृहीत धरून ते खोडण्याचा भार त्याच्यावर टाकला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने जुन्या दंडविधानाची जागा घेतली असली, तरी दोन्ही कायद्यांखाली एकच कृत्य येत असेल तर जी शिक्षा अधिक ती द्यावी, हा पोक्सोचा नियम कायमच आहे.

तथापि माझ्या मते या कायद्याचे मोल त्याच्या शिक्षांत नसून त्याच्या रीतीत आहे. बालकाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यावी; उलटतपासणीचे प्रश्न वकिलाने थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावेत; आरोपी बालकाच्या दृष्टीस पडू नये; चारित्र्यहनन करणारा प्रश्न न्यायालयाने होऊ देऊ नये; आणि न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष नोंदवावी, अशा या तरतुदी आहेत. दुभाषाचीही तरतूद आहे, आणि खानदेशात ती शोभेची नव्हे: चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्याकडील पाड्यांवरची लेकरे पावरी किंवा भिली बोलतात, खालच्या गावांतली अहिराणी, आणि ठाण्यातील दप्तर मात्र प्रमाण मराठीत लिहिले जाते. घाबरलेल्या सात वर्षांच्या पोरीने आपल्या बोलीत सांगितलेली हकिगत हवालदाराच्या ठरीव मराठीत उतरली की तिच्यात नसलेले शब्द येतात, आणि पुढे साक्षीच्या वेळी नेमक्या त्या शब्दांवर बचावाचा वकील बोट ठेवतो. शिक्षा वाढविण्यास विधिमंडळात एक दुपार पुरते. चांगला दुभाषी तयार करण्यास वर्षे लागतात, म्हणूनच बहुधा पहिली गोष्ट वारंवार होते.

रीत सुधारली तरी न्यायबुद्धी आपोआप सुधारत नाही, हे नागपूरने दाखविले. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाने, कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोतील लैंगिक हल्ल्यात मोडत नाही असा निर्णय दिला, आणि तो त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावा लागला.

संमतीचा प्रश्न बाजूस सारल्यामुळे खटल्याचा सारा भार वयावर आला आहे. आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. परंतु ज्या पाड्यावर बाळंतपण घरीच होते आणि नोंद कुठेच होत नाही, तेथील मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून अशी लिहिलेली असते; आणि वर्गात पाहावे तर निम्मी मुले १ जूनला जन्मलेली! कारकुनी सोयीसाठी लिहिलेली ही तारीख पुढे एखाद्या खटल्यात आरोपीची वीस वर्षे ठरविते. हाडांच्या तपासणीत दोन-दोन वर्षांचा फरक पडतो, त्यामुळे तिचाही भरवसा नाही.

याच पाड्यांवर या कायद्याची दुसरी, अवघड बाजू दिसते. सतराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात येते. तेथील डॉक्टरला तिचे वय कळताच पोलिसांना खबर देणे भाग असते, न दिल्यास त्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठराखालील पत्नीबाबतचा पतीचा अपवाद काढून टाकला, हे योग्यच झाले. पण नवरा असणे आणि मुलगी गरोदर राहणे या दोन्ही गोष्टी पोक्सोत अपराध गंभीर करणाऱ्या असल्याने, २०१९ च्या सुधारणेनंतर त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला किमान वीस वर्षांची शिक्षा ठरलेली आहे. आणि ज्यांनी लग्न लावले ते बापे बालविवाहाच्या कायद्याखाली फार तर दोन वर्षांत सुटतात. याचा परिणाम असा की खबर जाऊ नये म्हणून मुलीला दवाखान्यात न्यायचेच टाळण्याची बुद्धी घरच्यांना होते.

यावर उपाय म्हणून किमानाहून कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधीशांना असावा असे म्हणताना त्या अधिकाराचा पूर्वेतिहास स्वच्छ नाही हे मला ठाऊक आहे. १९८९ साली हरियाणातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच पीडितेच्या ‘वर्तना’चा उल्लेख करून पोलिसांच्या दहा वर्षांच्या पाच केल्या होत्या, आणि म्हणूनच २०१३ साली तो अधिकार काढून घेतला गेला. तो सरसकट परत देऊ नये. परंतु दोघांच्या वयांतील अंतर थोडे असेल, सक्तीचा पुरावा नसेल आणि मुलगी सोळा पुरी झालेली असेल, तेवढ्यापुरती तरी किमान शिक्षेची भिंत संसदेने खाली घ्यावी, आणि पीडितेच्या चारित्र्याचा एक शब्दही त्या निकालपत्रात येता कामा नये, असे त्याच कलमात लिहून ठेवावे.