दैवत कोणाचे?

स्वामित्व कशाने उत्पन्न होते, या प्रश्नाचा ऊहापोह आमच्या बीदर जिल्ह्यास नवा नाही. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. वडिलार्जित धनावर पुत्राचे स्वत्व जन्मतःच असते, हे तिचे मत पुढे हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत प्रमाण ठरले. परंतु शेत, वाडा आणि दागिना यांस जो न्याय लागतो, तोच दैवतासही लावावा काय? ‘हा देव मूळचा कोणाचा?’ असे आपण हल्ली वरचेवर विचारतो. म्हणून या प्रश्नाचा विचार अगत्याचा आहे.

नेपाळातील ललितपूर, म्हणजेच पाटण, ही प्राचीन नगरी आम्ही पाहिली तेव्हा हा प्रश्न मूर्तिमंत समोर उभा राहिला. तेथे राजवाड्यासमोर सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ साली उभारलेले दगडी कृष्णमंदिर आहे, आणि जवळच हिरण्यवर्ण महाविहारात बुद्धाची पूजा चालते. अशा शेजाराचे नवल नाही. नवल आहे ते रातो मच्छिंद्रनाथाचे. तांबड्या वर्णाच्या या एकाच मूर्तीस हिंदू भाविक मत्स्येंद्रनाथ म्हणतात. ज्ञानेश्वर महाराजांची गुरुपरंपरा ज्यांच्यापर्यंत पोहोचते तेच हे. बौद्ध तिलाच करुणामय अवलोकितेश्वर मानतात. पूजाअर्चा बौद्ध पुरोहितांकडे आहे. पावसाळ्यापूर्वी उंच रथ निघतो, तेव्हा त्याचे दोर दोन्ही पंथांचे हात ओढतात. पाऊस दोघांसही हवा असतो.

यावर कोणी म्हणेल की ही केवळ सोय झाली, सत्यनिष्ठा नव्हे. बोधिसत्त्व निराळा, नाथसिद्ध निराळा. दोहोंस एक म्हणणे म्हणजे दोघांविषयीही बेफिकीर असणे. आक्षेप वजनदार आहे. पण पाटणचे लोक दोहोंस एक म्हणतच नाहीत. प्रत्येकजण आपले नाव आपल्या श्रद्धेने धरून आहे; दुसऱ्यास बाहेर घालविल्यावाचून आपली भक्ती पुरी होत नाही, एवढेच कोणी मानीत नाही.

या यात्रेची सांगता जावलाखेल येथे होते. तेथे ‘भोटो’ नावाची रत्नजडित बंडी जमलेल्या लोकांस दाखवितात. आख्यायिका अशी की, कर्कोटक नागाच्या राणीचा नेत्रविकार बरा केल्याबद्दल ती एका शेतकऱ्यास मिळाली. पुढे भुताने ती चोरली. दोघेही हक्क सांगू लागले, पुरावा कोणापाशीच नव्हता. तेव्हा पुरावा येईपर्यंत ती मच्छिंद्रनाथाच्या स्वाधीन करण्यात आली. तो दावा आजतागायत प्रलंबित आहे!

वकिली पेशातील आम्हांस विलंबित न्यायाचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. त्या गरीब शेतकऱ्याची बंडी गेली ती गेलीच. म्हणून भेद केला पाहिजे. अनिर्णयाने जेथे माणसाची हानी होते, तेथे निकाल दिलाच पाहिजे. अस्पृश्य म्हणून कोणास देवळाच्या दाराशी अडवावे काय, हा वाद देवाच्या स्वाधीन ठेवून चालत नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने त्याचा निकाल दिला आहे. परंतु ज्या वादात केवळ आपला अभिमान दुखावतो, तो देवापाशी अनामत ठेवण्यास काय हरकत आहे?

हे धडे घेण्यास हिमालयातच गेले पाहिजे असे नाही. आम्हां मैलूरकरांस जवळच्या अष्टूरचा उरूस ठाऊक आहे. बहमनी सुलतान अहमदशहा यास मुसलमान वली मानतात, आणि लिंगायत भाविक त्याच्या ठायी अल्लमप्रभूस पाहतात; जंगम तेथे मानाने येतो.

आणि कायद्याचेच म्हणाल, तर कलकत्त्याच्या एका घराण्यातील दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली सांगितले की देवमूर्ती ही निव्वळ जंगम मालमत्ता नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती आहे. देवळाची जमीन आणि दागिने देवाच्या मालकीचे असू शकतात. देव मात्र कोणाच्याही मालकीचा होत नाही. ‘दैवत कोणाचे?’ या प्रश्नास कोर्टातही याहून निराळे उत्तर नाही. आपण कोणत्या दैवताचे, एवढेच ज्याचे त्याने सांगावे.