किटली नक्की कुणाची?

इलेक्ट्रिक किटली बंद पडते तेव्हा अनेकदा कॉइल ठणठणीत असते. बिघडलेला असतो कंट्रोल बोर्डवरचा एक कपॅसिटर. वापरानं त्याची क्षमता घटते, रिलेला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि किटली गप्प होते. पार्ट काही रुपयांचा. पण कर्जतच्या बाजारातल्या मेकॅनिककडे ना सर्किटचा नकाशा, ना सुटा बोर्ड. मग किटली भंगारात.

कंपन्या म्हणतात, उघडणं धोक्याचं आहे. खरंच आहे. अशा बोर्डवर २३० व्होल्टचा थेट संबंध असू शकतो. प्लग काढला तरी कपॅसिटर झटका देऊ शकतो. पण धोका आहे म्हणून माहिती द्यायची की दडवायची? कोड लपवला म्हणजे सिस्टिम सुरक्षित होत नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पहिल्यांदा शिकवतात.

शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. यंत्रं बदलली, वीजघर चालूच आहे, कारण आतलं जाणणारी माणसं तिथे कायम राहिली. किटलीच्या वाट्याला असं माणूस येऊच नये, अशी सोय आपण चालवून घेतो.

२०२२मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे. पण प्रश्न मालकीचा आहे. जी वस्तू समजून घ्यायची मुभा नाही, ती आपण विकत घेतलेली नसते. पूर्ण किंमत मोजून भाड्यानं आणलेली असते.